मोत्याची शाळा

‘कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. मूळ स्वभाव पालटत नाहीं, असा तिचा अर्थ. आणि माणसांच्या बाबतींत ती कधीं कधीं खरीहि ठरते. परंतु ज्या प्राण्याच्या नांवावर ही म्हण रचली गेली, त्याच्यावर मात्र तिनें मोठा अन्याय केला आहे. शेंपूट जन्मतःच वांकडें असतें. संवय जन्मतः नसते. भुंकणें, चावणें, उड्या मारणें हें कुत्र्याला निसर्गानें दिलेलें आहे खरें; परंतु त्याची खोड बनते ती बहुधा आपल्याच हातून, आणि आपल्या नकळत. जें नकळत शिकविलें गेलें, तें समजून उमजून विसरवितां येतें. तें कसें, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हें मी केवळ पुस्तकें वाचून सांगत नाहीं. चुका करून शिकलों आहें. आमच्या घरीं मोत्या नांवाचा एक गांवठी कुत्रा आहे. पावसाळ्याच्या आरंभीं माझ्या थोरल्या मुलीनें त्याला शाळेंतून येतांना छत्रीखालीं झांकून आणलें, तेव्हां तो दोन महिन्यांचा असावा. कांहीं दिवस त्याचें फार कौतुक झालें. पुढें सहा महिन्यांचा होतां होतां मुलीची गणिताची वही, माझी नवी वहाण आणि माझ्या आईची जपमाळ यांचा त्यानें फडशा पाडला, आणि कौतुकाची जागा छडीनें घेतली. एके दिवशीं माझा धाकटा मुलगा त्याच्या थाळींतला भाकरीचा तुकडा उचलूं लागला, तेव्हां मोत्या गुरगुरला. मीं त्याला मारलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हा गुरगुरला, पुन्हा मारलें. तिसऱ्या वेळीं तो गुरगुरला नाहीं. मार लागू पडला, असें मानून मी समाधानानें चहा पीत बसलों. त्यानंतर आठवड्याच्या आंतच त्यानें कसलीहि सूचना न देतां मुलाच्या मनगटास दांत लावला.

जखम खोल नव्हती. ती वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुतली, आणि लागलीच दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घेतली. परंतु घरांत निकाल लागला कीं, मोत्याला पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून यावें. पोतें आणलेंहि. तें ओसरीवर पसरलें होतें, आणि मोत्यानें त्याचा वास घेऊन त्यावरच अंगाचें वेटोळें केलें. जिची जपमाळ त्यानें तोडली होती ती माझी आईच तेव्हां म्हणाली, “अरे, तो बोलून सांगत होता तेव्हां तूं त्याला गप्प बसविलेंस. आतां न बोलतां चावला, तर दोष कोणाचा?” मजजवळ उत्तर नव्हतें. मोत्याचें जाणें लांबणीवर पडलें, आणि माझें शिकणें सुरू झालें.

कुत्रा शिकतो कसा, या प्रश्नावर पहिला मोठा प्रकाश पाडला तो रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यानें. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. कुत्र्यांची लाळ मोजतां मोजतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, अन्न तोंडांत पडण्यापूर्वींच, किंबहुना अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागतांच लाळ सुटूं लागते. पुढें ठराविक ठोके देणाऱ्या यंत्राचा आवाज आणि त्यामागून अन्न, असा क्रम पुष्कळ वेळां घडविल्यावर नुसत्या आवाजानेंहि लाळ सुटूं लागली. आवाजाचा आणि लाळेचा निसर्गतः कांहीं संबंध नाहीं. तो अनुभवानें जोडला गेला. आपल्या घरांतहि हेंच चाललेलें असतें. किल्ल्या खुळखुळल्या कीं धनी बाहेर जाणार, फाटक वाजलें कीं परका येणार, हात उगारला कीं मार बसणार, अशा गांठी कुत्र्याच्या मनांत आपोआप बसत जातात.

दुसरा धडा अमेरिकेंतील एडवर्ड थॉर्नडाइक याचा. त्यानें भुकेल्या मांजरांस पेटींत कोंडून केलेले प्रयोग १८९८ सालीं प्रसिद्ध केले. पेटीचें दार आंतील दोरी ओढल्यानें किंवा खिटी दाबल्यानें उघडत असे, आणि बाहेर खाणें ठेवलेलें असे. मांजर आधीं ओरबाडी, धडपडे. त्या धडपडींत चुकून दार उघडलें जाई. अनेक खेपांनंतर निरुपयोगी धडपड गळून पडली, आणि आंत ठेवतांच मांजर दार उघडूं लागलें. तात्पर्य असें कीं, ज्या कृतीचें फळ गोड, ती कृति दृढ होते. जिचें फळ कांहींच मिळत नाहीं, ती हळूहळू सुटते. कुत्र्याच्या प्रत्येक खोडीपुढें उभें राहून आपण प्रथम हाच प्रश्न विचारावा: यांतून त्याला मिळतें तरी काय?

तिसरा धडा वेळेचा. फळ कृतीच्या पाठोपाठ, एकदोन क्षणांतच मिळालें पाहिजे. नाहीं तर कुत्रा त्याचा संबंध भलत्याच गोष्टीशीं जोडतो. मी शाळेंतून परत येई, फाटलेली वही पाही आणि मोत्याला मारी. तो कान पाडून, शेंपूट पोटाखालीं घालून, नजर चुकवीत बसे. “पाहा, अपराध याला कळतो!” असें आम्ही म्हणत असूं. पण खरोखर तसें असतें काय? न्यूयॉर्क येथील अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनें २००९ सालीं याचीच परीक्षा घेतली. धन्यानें कुत्र्याला एक खाऊ खाण्यास मनाई करून खोलीबाहेर जावें. मागें कधीं कुत्र्याला तो खाऊ मिळावा, कधीं मिळूं नये. आणि परत आलेल्या धन्याला कधीं खरें तर कधीं खोटें सांगावें, अशी योजना होती. असें दिसून आलें कीं, कुत्र्याचा ‘अपराधी’ चेहरा त्यानें खाल्लें किंवा नाहीं यावर अवलंबून नसून, धनी रागें भरला किंवा नाहीं यावर अवलंबून होता. ज्यांनीं कांहींच खाल्लें नव्हतें आणि तरीहि बोलणीं खाल्लीं, त्यांचे चेहरे तर अधिकच अपराधी दिसले. हें वाचल्यावर मला आमचा मोत्या आठवला. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. माझी भीति होती. वही त्यानें सकाळीं फाडली होती, आणि मार मिळाला होता तो संध्याकाळीं, मला पाहून दारापर्यंत धांवत आल्याबद्दल!

आतां एकेक खोड घेऊं.

पहिली खोड अंगावर उड्या मारण्याची. पिलूं उडी मारतें तेव्हां आपण त्याला कुरवाळतों. तेंच वाढल्यावर चिखलाच्या पायांनीं उडी मारतें तेव्हां ओरडतों व दोन्हीं हातांनीं ढकलतों. कुत्र्याच्या दृष्टीनें दोन्हींचें फळ एकच: धन्याचें लक्ष गेलें, हात लागले, खेळ झाला. उपाय असा कीं, उडी मारतांच हात छातीशीं बांधून, न बोलतां पाठ फिरवावी. चारी पाय जमिनीवर टेकतांच वळून हळू आवाजांत शाबासकी द्यावी व हरभऱ्याच्या दाण्याएवढा भाकरीचा अथवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. पहिले कांहीं दिवस उड्या कमी न होतां वाढतील. विझण्यापूर्वीं दिवा मोठा होतो, तसाच हा प्रकार आहे. या वेळीं जो कंटाळून एकदांच लाड करील, तो सर्व श्रम पाण्यांत घालील. फर्स्टर आणि स्किनर या शास्त्रज्ञांनीं १९५७ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, दर वेळीं न मिळतां मधून मधून मिळणारें बक्षीस संवय अधिक चिवट करतें. सोरट खेळणारा माणूस उठत नाहीं, तो याच कारणानें. म्हणून नियम घरांतील सर्वांचा एक असावा. आमच्या घरीं मोत्यापेक्षां पाहुण्यांस हा नियम शिकवितांना अधिक त्रास पडला.

दुसरी खोड भुंकण्याची. पोस्टमन येतो, कुत्रा भुंकतो, पोस्टमन निघून जातो. टपाल देऊन तो जाणारच होता. परंतु कुत्र्याचा हिशेब निराळा. मी भुंकलों म्हणून परका पळाला, असा विजय त्याला रोज मिळतो. त्यांतच आपण घरांतून मोठ्यानें ओरडलों, तर धनीहि आपल्या साथीला भुंकत आहे, असें त्यास वाटलें तर नवल काय? त्यापेक्षां फाटकाकडील बाजू फळीनें किंवा पडद्यानें झांकावी. भुंकणें सुरू होतांच शांतपणें हांक मारून त्याला ठराविक घोंगडीवर बसवावें, आणि गप्प बसल्याबरोबर बक्षीस द्यावें. आमच्या पोस्टमनास विनंति करून त्याच्या हातीं मीं रोज भाकरीचा एक तुकडा दिला, आणि तो त्यानें फाटकाबाहेरूनच आंत टाकावा असें ठरविलें. मोत्या आजहि दोनदां भुंकतो. परंतु आतां तें स्वागत असतें.

तिसरी खोड वस्तु कुरतडण्याची. पिलाला अठ्ठावीस दुधाचे दांत असतात; साधारणपणें चौथ्या ते सातव्या महिन्यांत ते पडून त्यांच्या जागीं बेचाळीस कायमचे दांत येतात. या दिवसांत हिरड्या शिवशिवतात, आणि कांहीं तरी चावल्यावांचून पिलाला राहवत नाहीं. मुलीची वही गेली ती नेमकी याच दिवसांत. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल मोत्यानें मार खाल्ला, तें त्याचें दांत येणें होतें. वहाणा, वह्या, विजेच्या तारा त्याच्या तोंडापासून दूर ठेवणें हें आपलें काम आहे. चावण्यासाठीं जाड दोरखंडाची गांठ द्यावी, किंवा ओल्या फडक्यास पीळ देऊन तें थंड करून द्यावें. शिजविलेलीं हाडें कधींहि देऊं नयेत. त्यांच्या धारदार चिरफळ्या निघून घसा व आंतडें फाटण्याचें भय असतें. चॉकलेट, द्राक्षें, मनुका, कांदा व लसूण हे पदार्थहि कुत्र्याला विषारी आहेत, हें मुलांनीं विसरूं नये.

चौथी खोड घरांत घाण करण्याची. लहान पिलाला लघवी रोखून धरण्याची शक्तिच थोडी असते. झोंपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला दर वेळीं अंगणांतील एकाच जागीं न्यावें, आणि काम उरकतांच तेथल्या तेथें बक्षीस द्यावें. घरांत आल्यावर दिलेलें बक्षीस हें घरांत येण्याबद्दलचें ठरतें! चूक झाली तर मुकाट्यानें जागा अशी स्वच्छ धुवावी कीं, वासहि उरूं नये. कारण वास हाच त्याचा मार्गदर्शक. त्याचें नाक घाणींत घासण्याची चाल क्रूर तर आहेच, शिवाय निष्फळ आहे. त्यांतून तो एवढेंच शिकतो कीं, धन्यासमोर हें करूं नये. मग तो पलंगाखालीं जाऊन करतो.

पांचवी खोड एकटें राहिल्यास रडण्याची. याला हट्ट समजूं नये. तो बहुधा खरा घाबरलेला असतो. किल्ल्या हातांत घ्याव्या, आणि बाहेर न जातां पुन्हा खालीं बसावें. दार उघडावें, आणि लावून परत यावें. मग क्षणभर बाहेर, मग एक मिनिट, मग पांच, अशी पायरीपायरीनें वाढ करावी. तो घाबरण्यापूर्वींच परत येणें, हें यांतील मर्म आहे. जातांना हृदयद्रावक निरोपसमारंभ नको, आणि परत आल्यावर दिग्विजयाची मिरवणूकहि नको.

सहावी गोष्ट फटाक्यांच्या भीतीची. येथें एका लहान मुलाची हकीकत सांगतों. अमेरिकेंतील मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें १९२४ सालीं पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या एका मुलाविषयीं लिहिलें. तो सशाला फार भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असतांना पिंजऱ्यांतील ससा प्रथम खोलीच्या दूरच्या टोंकास ठेवीत, आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणीत. शेवटीं पीटर सशाला हातानें गोंजारूं लागला. कुत्र्याच्या भीतीवरहि हाच इलाज चालतो. दिवाळीपूर्वीं कांहीं महिने फटाक्यांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण अगदीं मंद लावून त्याबरोबर खाऊ द्यावा, आणि तो निर्धास्त असेपर्यंतच आवाज चढवीत जावा. ऐन सणांत त्याला खिडक्या लावलेल्या आंतल्या खोलींत ठेवावें, आणि लपावेंसें वाटेल तेथें लपूं द्यावें. धीर देण्यासाठीं पाठीवरून हात फिरविल्यानें भीति वाढत नाहीं.

आतां सर्वांत कठीण गोष्ट: अन्नावरून गुरगुरणें. जिच्यामुळें पोतें आणावें लागलें, ती हीच. गुरगुरणें हा गुन्हा नसून ती घंटा आहे. आगीची घंटा वाजली म्हणून कोणी घंटा फोडीत नाहीं. मीं मात्र तेंच केलें. मारानें मोत्याच्या मनांतील धास्ती गेली नाहीं. केवळ धास्ती सांगण्याचा मार्ग बंद झाला. अंग ताठरणें, खाणें एकदम थांबवून निश्चल होणें, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणें, या खुणा गुरगुरण्याच्याहि आधीं दिसतात. त्या प्रत्येकानें ओळखाव्या. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाहीं’ या म्हणीवर तर कोणीं विसंबूं नये. उपाय हिसकावण्याचा नसून देण्याचा आहे. तो जेवत असतांना तो शांत राहील इतक्या अंतरावरून जावें, जातां जातां त्याच्या थाळींतील अन्नापेक्षां चांगला तुकडा थाळीकडे टाकावा, आणि पुढें चालूं लागावें. कांहीं दिवसांनीं एक पाऊल जवळ. आणखी कांहीं दिवसांनीं आणखी एक. माणूस जवळ आला कीं अन्न जातें, ही जुनी गांठ सुटून, माणूस जवळ आला कीं अन्न वाढतें, ही नवी गांठ बसते. हें काम मोठ्या माणसांनींच करावें. पूर्वीं चावलेला कुत्रा असल्यास पशुवैद्याचा सल्ला घेतल्यावांचून आरंभहि करूं नये. जो कुत्रा एकाएकीं चिडखोर झाला असेल, त्याचे कान, दांत, सांधे आधीं तपासून घ्यावे. कारण दुखणाऱ्याला शिक्षण नको, औषध पाहिजे असतें.

मुलांनो, तुमच्यासाठीं नियम थोडेच आहेत. जेवणाऱ्या, निजलेल्या व पिलांना पाजणाऱ्या कुत्र्याला हात लावूं नका. त्याला मिठी मारून आवळूं नका. तो उठून दूर गेला, तर त्याच्या मागें जाऊं नका. चावा बसला किंवा नुसतें ओरखडलें, तरी मार बसेल या भीतीनें लपवूं नका. रेबीजचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी वांचणें जवळजवळ अशक्य असतें, आणि वेळेवर घेतलेली लस त्याला वांचविते.

पालकांस दोन शब्द. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, पिलाच्या आयुष्याचा साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांची व जगाची ओळख होण्याचा काळ असतो. त्या दिवसांत त्याला मुलें, म्हातारीं माणसें, छत्र्या, सायकली, भांड्यांचे आवाज यांची गोडीनें ओळख करून द्यावी. तसेंच, कुत्र्याला आंखूड सांखळीनें तासन् तास जखडून ठेवणें आणि पाळलेल्या जनावराला उपाशी मरण्यासाठीं वाऱ्यावर सोडणें, हे दोन्हीं आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्यानें अपराध ठरविले आहेत. मीं पोतें आणलें तेव्हां मला हें ठाऊक नव्हतें. परंतु कायदा ठाऊक नसला, तरी ओसरीवर त्या पोत्याकडे पाहतांना मला जें वाटलें, तें पुरेसें होतें.

त्या गोष्टीला आतां दोन वर्षें होऊन गेलीं. मोत्याला अन्नाजवळ माणूस सहन होऊं लागण्यास जवळजवळ पांच महिने लागले, आणि मधल्या काळांत दोनदां सर्व पुन्हा पहिल्यापासून करावें लागलें. धाकटा मुलगा आतां संध्याकाळीं, मी शेजारीं उभा असतांना, दुरूनच एक तुकडा थाळींत टाकतो. त्याची चाहूल लागतांच मोत्या तोंड वर करून शेंपूट हलवितो. तरीहि त्या वेळीं दोघांना एकटें सोडण्याचें धाडस मी करीत नाहीं, आणि पुढेंहि करणार नाहीं. मनगटावरचा वण पुसट झाला आहे. तो दिसला म्हणजे मोत्याच्या दांतांपेक्षां माझी छडीच मला अधिक आठवते.

पोतें अजून घरांत आहे. आईनें त्याला दोन जुन्या लुगड्यांचें अस्तर लावून टांके घातले. आतां मोत्या त्यावर निजतो. शेंपूट पूर्वींइतकेंच वांकडें आहे, आणि तें सरळ व्हावें अशी घरांत कोणाचीहि इच्छा नाहीं.